पट आणि निकाल

केंद्रप्रमुख म्हणून करवीर तालुक्यातल्या शाळांची तपासणी करायला गेलो, की मी आधी दाखल-खारीज रजिस्टर मागायचो. कुठली शाळा चांगली, हा वाद गावोगाव चालतो तो दोन आकड्यांवर : पट किती आणि निकाल किती. हे आकडे कसे घडत आले, ते जुन्या रजिस्टरांत नीट वाचता येतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या योजनेतली पहिली शाळा १९१८ साली आमच्याच तालुक्यातल्या चिखलीत निघाली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. सगळी मुलं पटावर यावीत, हा त्यामागचा ध्यास. गाव मात्र शाळेची किंमत सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेवर ठरवायचं, कारण फायनल पास झालेल्याला शिक्षकाची, तलाठ्याची नोकरी मिळायची. पहिलीत नाव घातलेल्यांपैकी तिथवर किती पोचले, हे कुणी विचारत नसे. रजिस्टरात त्याचं उत्तर होतं : ‘सतत गैरहजर, नाव कमी.’ मुलींच्या नावापुढे हा शेरा फार लवकर पडायचा.

१९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९५ पासून ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिना तीन किलो तांदूळ. मुली वर्गात टिकू लागल्या. पण शिक्षकांची पदं आणि अनुदान पटावर ठरत असल्यानं काही ठिकाणी खोटे पटही उभे राहिले. ऑक्टोबर २०११ मधल्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून त्यांना मोजावं लागलं.

निकालाची गोष्टही अशीच. समजा, तीस मुलांच्या वर्गातून निवडक चारच शिष्यवृत्तीला बसवली आणि चारही पास झाली. फळ्यावर शंभर टक्के लागतात. वाडीवरच्या शाळेनं बाराच्या बारा बसवली, पाच पास झाली. तिचा निकाल बेचाळीस टक्क्यांच्या आत. माझ्या लेखी दुसरी शाळा मोठी, कारण तिनं एकाही मुलाला बाजूला ठेवलं नाही.

मार्च २०२४ च्या शासननिर्णयानं सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तर शिक्षकाचं पद मंजूर करायचं नाही, असं ठरवलं. वस्तीच लहान असेल तर पट कुठून वाढणार? तिथला वरचा वर्ग बंद झाला, तर पुढच्या गावापर्यंतची पायपीट आधी मुलींची शाळा तोडते. म्हणून शाळांची तुलना जरूर करा, पण पहिलीत आलेल्यांपैकी आठवीपर्यंत किती टिकली आणि त्यांत मुली किती, हे आधी मागा. शाहू महाराजांच्या सक्तीला अभिप्रेत असलेला निकाल तोच आहे.