रिकीब सुटली कशी?

कानातली रिकीब हे माणसाच्या शरीरातले सर्वांत लहान हाड. उंची तीन मिलिमीटरच्या आसपास, वजन जेमतेम तीन मिलिग्रॅम. पडद्याची थरथर हातोडी आणि ऐरणीतून तिच्यापर्यंत पोचते आणि तिचा तळ आंतरकर्णाच्या खिडकीत दट्ट्यासारखा हलतो. ओटोस्क्लेरोसिसमध्ये खिडकीच्या काठाशी नवे हाड धरते आणि हा तळ जागीच जखडतो. पडदा धडधाकट, पण आवाज आत पोचत नाही. या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेचा जन्म १९५६ सालचा मानतात. माझ्या मते कल्पना त्याआधी ऐंशी वर्षांची होती; उशीर झाला तो बाकीच्या गोष्टी जुळून यायला.

जखडलेली रिकीब इटलीतल्या वालसाल्वाने अठराव्या शतकाच्या आरंभी शवविच्छेदनात पाहिली होती. जिवंत माणसात ती ओळखण्याची सोय १८५५ साली जर्मनीच्या रिनेने केली. वाजता नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि आवाज विरला की कानासमोर धरायचा. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो, रिकीब जखडलेल्याला येत नाही. १८७०च्या दशकात केसेलने रिकीब हलवून, प्रसंगी काढूनही पाहिली. पुढे १८९०च्या दशकात व्हिएन्नाच्या पोलिट्झरने दाखवून दिले की दोष सर्दीपडशाने बिघडलेल्या अस्तराचा नसून मूळ हाडाचाच आहे. तरीही शतक संपता संपता खुद्द पोलिट्झरसह अनेक नामवंत या शस्त्रक्रियेच्या विरोधात गेले.

या विरोधामुळे अर्धशतकभर रुग्ण उपचाराला मुकले, असा आक्षेप घेता येईल. पण तेव्हा पेनिसिलीन नव्हते आणि कान शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली येण्याची सुरुवातही १९२१ साली, स्टॉकहोममध्ये, झाली. उघड्या आंतरकर्णातून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेले तर जिवावर बेतायचे. तेव्हाची मनाई रास्तच होती. चूक झाली ती ‘आज नको’चे ‘कधीच नको’ करण्यात. न्यूयॉर्कच्या लेम्पर्टने १९३८ साली रिकिबीला वळसा घालून आंतरकर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला नवी खिडकी पाडली. म्हणजे ज्या आंतरकर्णाची धास्ती होती तो उघडला जाऊ लागला, तरी रिकिबीला हात लावायला कोणी धजेना.

ती कोंडी १९५२ साली रोझेनने फोडली, तीही योगायोगाने, असे सांगतात. योगायोग खरा. लेम्पर्टच्या पद्धतीने खिडकी पाडण्याआधी रिकीब खरोखर जखडली आहे ना, हे तो चाचपत असताना ती सुटली. पण भूल फक्त कानापुरती होती, म्हणून ऐकू येऊ लागल्याचे रुग्णाला तिथेच सांगता आले. तयारीवाचून हा योगायोग फळाला आला नसता. सुटलेली रिकीब मात्र अनेकदा पुन्हा जखडे. म्हणून मेम्फिसच्या जॉन शे याने १९५६ साली ती काढूनच टाकली, खिडकीवर शिरेचा तुकडा बसवला आणि त्यावर टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब उभी केली.

आता बहुधा रिकिबीच्या तळाला बारीक छिद्र पाडून त्यात पिस्टन बसवतात. तरीही क्वचित एखाद्या कानाचे ऐकणे कायमचे जाते. त्यामुळे शल्यविशारद आधी जास्त अधू असलेला एकच कान हाती घेतात आणि श्रवणयंत्राचा पर्यायही सांगतात. केसेलच्या टीकाकारांची शंका त्यांच्या सावधगिरीत आजही शिल्लक आहे.