समुद्राने खरेच वाट दिली का?

इ.स.पू. ३३४-३३३ चा हिवाळा. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील फासेलिस हे नगर सोडताना अलेक्झांडरने बरेचसे सैन्य डोंगरवाटेने धाडले आणि स्वतः काही लोकांसह किनारा धरला.

तेथे क्लायमॅक्स, म्हणजे ‘शिडी’, हा डोंगर थेट समुद्राला भिडतो. पायथ्याची चिंचोळी वाट समुद्र शांत असेल तरच उघडी पडते. दक्षिणेचा वारा सुटला की ती लाटांखाली जाते.

मोहिमेचा इतिहासकार कॅलिस्थेनिस याने लिहिले, की समुद्राने आपला स्वामी ओळखला आणि त्याच्यापुढे जणू लोटांगण घातले. एरियनच्या मते ऐन वेळी वारा उत्तरेकडून वाहू लागला, तोही दैवी कृपेने. भूगोलकार स्ट्रॅबो मात्र रोखठोक आहे: लाटा ओसरण्यापूर्वीच राजा निघाला आणि माणसे दिवसभर नाभीपर्यंत पाण्यातून चालत राहिली. हेच अधिक पटते. लोटांगण घालणारा समुद्र कमरेपर्यंत कसा चढेल? प्लुटार्क तर नोंदवतो, की अलेक्झांडरच्या स्वतःच्या पत्रांत अशा चमत्काराचा उल्लेखच नाही.

पुढे इ.स.पू. ३२७ मध्ये राजाने दरबाऱ्यांकडून तसेच लोटांगण मागितले, तेव्हा विरोधास उभा राहिला तो हाच कॅलिस्थेनिस. थोड्याच काळात कटाच्या आरोपाखाली त्याला पकडण्यात आले.