बिल वाचलं, पण कशाच्या तुलनेत? वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधन प्रस्तावात एक प्रश्न मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला होता : "वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांमुळे कुटुंबांचे पैसे वाचतात का?" मार्गदर्शकांनी पान परत दिलं. समासात पेन्सिलीने दोनच शब्द होते : "कशाच्या तुलनेत?"

तेव्हा रागच आला. आज वाटतं, की त्या दोन शब्दांनी माझी दोन वर्षं वाचवली. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा लेख विजेपेक्षा त्या दोन शब्दांबद्दल आहे असं समजा. वीज हे उदाहरण, पण उदाहरण चांगलं आहे, कारण हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात १८९२ पासून करू. इंग्रज अभियंता जॉन हॉपकिन्सन याने त्या वर्षी वीजपुरवठ्याच्या खर्चावर एक व्याख्यान दिलं. मुद्दा साधा होता. वीज कंपनीचा बराचसा खर्च तुम्ही किती युनिट वापरता यावर नसतो, तर तुम्ही बटण दाबाल तेव्हा वीज द्यायला तयार राहण्यावर असतो. त्या काळी वीज मुख्यतः दिव्यांसाठी होती. हिवाळ्याच्या संध्याकाळी सगळं शहर एकदम दिवे लावायचं आणि उरलेला दिवसभर यंत्रं रिकामी उभी असायची.

यावरून तुम्हाला सहज सुचेल, की मग संध्याकाळची वीज महाग करा आणि बाकीची स्वस्त. तेव्हाही ते सुचलं होतं, आणि दोन दरांचे मीटरही होते. पण जिंकली वेगळी पद्धत. ब्रायटनच्या आर्थर राइटने असा मीटर बनवला, जो ग्राहकाची सर्वात जास्त मागणी किती होती ते नोंदवायचा. ती कोणत्या वेळी होती हे मात्र नोंदवायचा नाही. शिकागोच्या सॅम्युअल इन्सलने ही पद्धत पाहिली आणि अमेरिकेत नेली. म्हणजे रात्री दोन वाजता यंत्रं चालवणारा बेकरीवाला आणि संध्याकाळी सात वाजता दिवे लावणारा दुकानदार, दोघांना एकच नियम!

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे विचित्रच. हाउसमन आणि न्यूफेल्ड या दोन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात या जुन्या वादाची कागदपत्रं पुन्हा उघडली. त्यानंतर न्यूफेल्डने दाखवलं, की त्या काळी कारखाने स्वतःची वीज स्वतः बनवू शकत होते, आणि अशा ग्राहकांना धरून ठेवायला राइटची पद्धत कंपन्यांना सोयीची होती. इथे पहिली गोष्ट वहीत लिहून ठेवा. दर ठरतो तेव्हा खर्चाचं गणित हे एक कारण असतं. समोरच्या ग्राहकाकडे दुसरा पर्याय काय आहे, हे दुसरं. घरगुती ग्राहकाकडे सहसा दुसरा पर्याय नसतो.

आता फ्रान्स. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे वीज राष्ट्रीयीकृत झाली. १९४९ मध्ये मार्सेल ब्वातो या तरुण अर्थतज्ज्ञाने मागणीच्या कळसाच्या वेळी दर कसा ठरवावा यावर निबंध लिहिला. पुढे तोच सरकारी वीज कंपनीचा प्रमुख झाला. १९५०च्या दशकात मोठ्या उद्योगांना ऋतू आणि वेळ पाहून दर लागू झाले आणि १९६०च्या दशकात घरांसाठी स्वस्त तास आले. घराघरांतल्या पाण्याच्या टाक्या रात्री तापू लागल्या. लक्षात घ्या, दर बदलला तशी घरातली वस्तूही बदलली. टाकीला आठवण ठेवावी लागत नाही. ती रात्री तापते आणि सकाळी आंघोळीला गरम पाणी मिळतं. सवय बदलण्याचं काम माणसाऐवजी यंत्राने केलं.

ब्रिटनमध्येही हाच मार्ग दिसतो. १९७८ मध्ये तिथे 'इकॉनॉमी सेव्हन' आला : रात्रीचे सात तास स्वस्त, दिवसा मात्र साध्या दरापेक्षा महाग. सोबतीला विटा भरलेले हीटर. रात्री विटा तापवायच्या आणि दिवसभर त्यांनी ऊब सोडायची.

यात पैसे वाचले का? एक काल्पनिक हिशेब करू. साधा दर ८ रुपये युनिट, नव्या योजनेत रात्रीचा ४ आणि दिवसाचा १० रुपये, महिन्याचा वापर ३०० युनिट. साध्या दराने बिल २४०० रुपये. नव्या योजनेत एक तृतीयांश वापर, म्हणजे १०० युनिट, रात्री केला तरी बिल तेवढंच : ४०० अधिक २०००. रात्रीचा वाटा ६० टक्के असेल तर बिल १९२०, म्हणजे ४८० रुपये वाचले. वाटा २० टक्केच असेल तर बिल २६४०, म्हणजे २४० रुपये गेले. योजना एकच, शेजारी-शेजारी दोन घरं, आणि उत्तरं उलट. "सरासरी बचत" हा आकडा इथे दोन्ही घरांबद्दल खोटं बोलतो.

पुढे जाऊ. ते ६० टक्केवालं घर खरंच जिंकलं का? साध्या वीजदराच्या तुलनेत हो. पण त्याच रस्त्यावर गॅसने घर गरम करणारं कुटुंब असेल, तर त्याच्या तुलनेत? शिवाय दिवसभर बाहेर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. विटांची ऊब दुपारी रिकाम्या घरात जायची, आणि माणसं संध्याकाळी परतेपर्यंत विटा थंड पडायच्या. मग महागड्या दराचा साधा हीटर लावा! बिलावर आकडा कितीही उतरो, गारठलेली संध्याकाळ त्यात कुठेच दिसत नाही.

तिसरा थांबा अमेरिका. १९७०च्या दशकातल्या तेलसंकटानंतर तिथे वेळेनुसार दरांचे सरकारी मदतीने प्रयोग झाले. त्यांतला विस्कॉन्सिनचा प्रयोग पद्धतीच्या अभ्यासासाठी मला फार आवडतो, कारण निवडलेल्या घरांना त्यात भाग घेणं सक्तीचं होतं. याचं महत्त्व काय? समजा योजना ऐच्छिक आहे. आधी कोण येईल? ज्याचा वापर आधीपासूनच स्वस्त तासांत आहे, तो. त्याला काहीच बदलायचं नाही, फक्त फॉर्म भरायचा. अशांना मी माझ्या टिपणांत 'न हलता जिंकणारे' म्हणते. त्यांचं बिल घटलं म्हणून योजना यशस्वी झाली असं म्हणणं, म्हणजे आधीच व्यायाम करणाऱ्यांना जिममध्ये भरती करून जिमचं कौतुक करण्यासारखं. आणि कंपनीचा खर्च तर तेवढाच राहिला. मग त्यांना मिळालेली सवलत आज ना उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी बिलात जाऊन बसते.

चौथा थांबा तिथलाच, वॉशिंग्टन राज्यातला. २००१ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या वीजटंचाईच्या काळात, प्युजेट साउंड एनर्जी या कंपनीने सुमारे ३ लाख ग्राहकांना वेळेनुसार दर लावले. लोकांनी प्रतिसादही दिला, महागड्या तासांतला वापर थोडा कमी झाला. पण दोन दरांतला फरक जेमतेम सेंट-दीड सेंटचा. २००२ मध्ये मीटर वाचनासाठी महिना एक डॉलर आकार लागला, आणि हिशेब केला तेव्हा दहापैकी नऊहून अधिक ग्राहकांना साध्या दरापेक्षा थोडे जास्तच पैसे पडत होते. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये योजना गुंडाळली. लोकांनी कपडे रात्री धुतले, भांड्यांचं यंत्र उशिरा लावलं, आणि हाती आलं ते वाढीव बिल. वर्तन बदलणं आणि पैसे वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा पुरावा दुसरीला चालत नाही.

आता घरी येऊ. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत सुरू झाली. इतिहास कसा उलटा फिरला पाहा. ब्वातोच्या काळात स्वस्त वीज रात्रीची होती, कारण मोठी केंद्रं रात्री बंद करणं परवडत नव्हतं. आज ती दुपारची आहे, कारण सौरऊर्जा दुपारी भरपूर असते. म्हणजे 'स्वस्त वेळ' निसर्गाने ठरवून दिलेली नाही. वीज कशापासून बनते, त्यावर ती ठरते.

आमच्या घरी याची चर्चा झाली तेव्हा आई म्हणाली, "नऊ ते पाच मी ऑफिसात असते. सवलत कोणाला, कुलपाला?" मी वही काढली. गीझर सकाळी सात वाजता, त्याची वेळ हलत नाही. मिक्सर, इस्त्री, संध्याकाळचे दिवे आणि पंखेही नाहीत. वॉशिंग मशीन आणि थोडी इस्त्री रविवारी दुपारी केली तर महिन्याला फार तर दहा युनिट सरकतील. म्हणजे आठ-दहा रुपये. "एक कोथिंबिरीची जुडी," आई म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या काकू निवृत्त आहेत, दिवसभर घरी असतात. त्यांना याहून जास्त सवलत मिळेल, काहीही न बदलता. काकूंना मिळू नये असं मुळीच नाही. पण या दोन घरांची सरासरी काढून कोणी "ग्राहकांचा फायदा" असं लिहिलं, तर त्यात माझी आई कुठे आहे?

म्हणून तुमचा विषय वीज असो, एसटीचं भाडं असो की खताचं अनुदान, "फायदा होतो का?" असं लिहिण्याआधी चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कशाच्या तुलनेत? कोणाचा? काही बदलल्यामुळे की आधीपासूनच? आणि जे बिलात दिसत नाही, त्याची किंमत कोणी मोजली?

माझा प्रस्ताव मी नंतर बदलला. नवा प्रश्न असा : "वेळेनुसार वीजदर आल्यावर, दिवसा घरी कोणी नसलेल्या कुटुंबांच्या खर्चात, साधा दर चालू राहिला असता तर त्या तुलनेत, काय फरक पडतो?" वाक्य लांबलंय, जीभ अडखळते. मार्गदर्शकांनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही. पान परत देताना एवढंच म्हणाले, "आता याचं उत्तर 'नाही' आलं, तरी कामाचं आहे."