पदपथावरची खानेसुमारी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की हडपसरच्या पुढे लोणी काळभोर येते. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर-मराठवाड्याकडची कित्येक कुटुंबे याच वाटेने, पण उलट दिशेने, मुंबईकडे गेली. डोक्यावर बोचके होते. पोचायचा पत्ता नव्हता. दुसरी जागा न मिळाल्याने काहींनी पदपथावरच चूल मांडली.

१९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावरच्या लोकांना हटवून आपापल्या मुलखाला धाडण्याचे जाहीर केले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड जन्माने पुण्याचे, आणि हा निकाल त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावरचा. पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मानला नाही. मुदत मिळाली ती ३१ ऑक्टोबरपर्यंत. त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन होते १२ नोव्हेंबरला! तत्त्व जिंकले आणि झोपडी हरली, असेच म्हणायचे.

मला या निकालाहून मोठी वाटते ती भायखळ्याकडची एक साधी खानेसुमारी. सरकारी गणतीत हे लोक बहुतेक धरलेच जात नसत. तेव्हा १९८४ साली निघालेल्या ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ मध्ये पदपथांवरील सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद केली. जो मोजलाच गेला नाही, त्याला पर्यायी जागा कोण देणार?

पुढे एक विलक्षण मेळ जमला. एकीकडे शिकलेल्या समाजसेविका. दुसरीकडे जोकिन अर्पुथम यांचा झोपडीवासीयांचा महासंघ. अर्पुथम यांची स्वतःची जनता कॉलनी १९७६ साली जमीनदोस्त झालेली, त्यामुळे नुसत्या मोर्चांनी काय साधते नि काय साधत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तिसरी बाजू पदपथावरच्या बायांची, ‘महिला मिलन’. स्वभाव तिघांचे तीन. पण काही गोष्टींवर एकमत होते. आपली मोजणी आपणच करायची. ज्याचे घर जायचे, त्याच्या वतीने परस्पर दुसऱ्याने बोलायचे नाही. आणि पैशाचा हिशेब बायांच्या हाती.

रोज झोपडीझोपडीतून रुपया-दोन रुपये गोळा होत. घर कसे हवे, हे सरकारला दाखवायला त्यांनी लाकूड-कापडाची खऱ्या मापाची घरे उभारून प्रदर्शन मांडले. इंजिनियर पाहायला आले, तेव्हा माळा कुठे नि मोरी कुठे, हे त्यांना समजावून सांगत होत्या पदपथावर राहणाऱ्या बाया.