दहा बाय दहाच्या खोलीतला दगडी चाकू

चाकू बनवायचा म्हटलं की आपल्याला भट्टी, भाता आणि ऐरण आठवते. भाड्याच्या खोलीत यातलं काही आणलंत तर घरमालक त्याच दिवशी सामान बाहेर ठेवेल. पण आपल्या नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावर, तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं रोज जी पाती वापरत होती ती बनवायला भट्टी लागतच नव्हती. मग ती पाती घरोघरी बनत होती, की गावातला कुणी जाणकार बनवून देत होता? ताम्रपाषाण काळावर काम करायचा विचार असेल तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. पुढे याच गावावरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव रूढ झालं. तिचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. १४०० पासून पुढचा. कुऱ्हाडी पाहून वाटतं की लोक तांब्यावर सुखी असतील. तसं नव्हतं. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये तांब्याचं खनिज नाही, ते बाहेरूनच यायचं. उलट त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली कॅल्सेडनी झिजून सुटते आणि नदीच्या गोट्यांत फुकट मिळते. त्यामुळे कापणं, सोलणं, खरवडणं या रोजच्या कामांना दगडाचं पातंच होतं. नेवाशाला आपण ज्ञानेश्वरांच्या पैस खांबासाठी जातो. तिथल्याच लाडमोड टेकाडावर १९५४ ते ५६ मध्ये झालेल्या उत्खननात अशी पाती भरपूर सापडली.

आता पातं निघतं कसं ते बघा, कारण पुरावा तिथेच दडलाय. गोट्याच्या एका बाजूला, आलटून पालटून दोन्हीकडून छिलके काढत, नागमोडी कणा तयार करतात. मग वरच्या टोकावर नेमका दाब किंवा ठोका दिला की त्या कण्याच्या वाटेने पहिलं लांब पातं सुटतं. त्याच्या जागी गाभ्यावर दोन सरळ धारा उरतात आणि पुढची पाती त्या धारांच्या आधाराने एकामागून एक निघतात. चांगल्या पात्यांना लाकडाची किंवा हाडाची मूठ बसवली, डिंकासारख्या चिकट पदार्थाने पक्की केली, की चाकू तयार.

ते पहिलं पातं मात्र वेगळं असतं. त्याच्या पाठीवर नागमोडी कणा तसाच राहतो. वेडंवाकडं, जाडसर, शेजारच्या गावाला द्यायच्या लायकीचं नाही. म्हणूनच ते महत्त्वाचं! तयार पाती कुठूनही येऊ शकतात, पण कण्याचं पातं, संपलेला गाभा आणि छिलक्यांचा ढीग एकत्र मिळाले तर काम तिथेच झालं असं म्हणायला आधार मिळतो. संग्रहालयाच्या काचेमागे सुबक पाती मांडलेली असतात. तुम्ही मात्र छिलक्यांच्या पिशव्या मागा.

यात एक खाच आहे, आणि ती मला वाचून नव्हे तर हाताने कळली. खोलीत सतरंजी अंथरून मी पहिला गोटा फोडला. एकही सरळ पातं निघालं नाही, पण काचेसारखे कण कोपऱ्याकोपऱ्यात गेले. आठवडाभर तळपायात टोचत होते. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथली बाई हा कचरा जमिनीवर ठेवेल का? झाडून उकिरड्यावर टाकेल. किंवा मुळात फोडायला अंगणात पाठवेल. म्हणजे घराच्या जमिनीवर छिलके नाहीत, एवढ्यावरून 'या घरात पाती बनत नव्हती' असं लिहिता येत नाही. मी माझ्या पहिल्या आराखड्यात नेमकं तेच लिहिलं होतं.

शिवाय उत्खनन कशासाठी झालं तेही बघावं लागतं. नेवाशाच्या त्या खोदकामाचा मुख्य भर थरांचा क्रम लावण्यावर होता, तो प्रश्न त्या काळी मोठा होता. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मात्र शंभराहून जास्त घरं आडवी उघडली, म्हणून कुंभार, सोनार, चुना भाजणारा असे कारागीर वस्तीच्या पश्चिमेकडच्या कडेला राहत होते, असं म. के. ढवळीकर मांडू शकले. खड्डा खोल असेल तर काळ कळतो, शेजार कळत नाही.

तुम्हालाही करून पाहायचं असेल तर खोलीत नको, मोकळ्यावर बसा. चष्मा, हातमोजे आणि चांगला मास्क हवाच. खंबायतला अकीकाचं काम करणाऱ्यांना याच धुळीने सिलिकोसिस होतो. गोटे नदीपात्रातले घ्या, पांढरीच्या टेकाडावरचं काहीही उचलू नका. आणि तुमचे छिलके उघड्यावर फेकू नका, नाहीतर उद्या कुणी त्यांनाच जोर्वे काळातले समजेल. मी ते पत्र्याच्या डब्यात भरते, वर तारीख लिहिते आणि आत एक रुपयाचं नाणं टाकते.