सुवर्ण नॅनोत्रिकोण

सुवर्ण नॅनोत्रिकोण हे सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण होत. प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर वाढविण्यासाठी धातुकणांना विशिष्ट आकार देण्याच्या संशोधनात त्यांना महत्त्व आहे.

सोन्याचे गोल नॅनोकण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात. म्हणून त्यांचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. कण त्रिकोणी वा दंडाकार झाला की इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक दोलनाची वारंवारता घटते आणि शोषण निकट-अवरक्त पट्ट्यात सरकते. शोषलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत धातूच्या जालकाला व तेथून भोवतालच्या माध्यमाला उष्णतेच्या रूपात मिळते. निकट-अवरक्त प्रकाश ऊतींत तुलनेने खोल जात असल्याने कर्करोगाच्या पेशी तापवून नष्ट करण्यासाठी अशा कणांचा अभ्यास होतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने चक्क गवती चहाच्या पानांचा अर्क वापरून हे त्रिकोण सामान्य तापमानाला तयार केले. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अर्कामुळे सुवर्ण आयनांचे क्षपण होऊन आधी गोल कण बनतात. अर्कातील अल्डिहाइडे व कीटोने पृष्ठभागास चिकटल्याने ते द्रवासारखे वागतात आणि परस्परांत मिसळून त्रिकोण घडतात, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. अर्काचे प्रमाण बदलून त्रिकोणांचे आकारमान बदलता येते. २००५ मध्ये या गटाने अवरक्त किरण शोषणाऱ्या लेपांसाठी त्यांचा उपयोग सुचविला. अर्थात शोषण म्हणजे परावर्तन नव्हे. असा लेप दिलेली काच स्वतः तापते.

आकार टिकविणे ही मुख्य अडचण आहे. तीव्र लेसर झोतात दंडाकार कण वितळून गोल होतात व त्यांचे अवरक्त शोषण नाहीसे होते.