पाणजू : खाडीतले विसरलेले स्थानक

विरारची लोकल भाईंदर सोडून खाडीपुलावर आली की खाली पाणी लागते, मध्ये तिवरांनी वेढलेले एक बेट येते, पुन्हा पाणी, आणि मग नायगाव. त्या बेटाचे नाव पाणजू. आज तेथे लोकल थांबत नाही. परंतु आपल्या उपनगरी रेल्वेचा इतिहास ज्या मोजक्या नावांनी सुरू होतो, त्यांत ह्या खेड्याचे नाव आहे.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीचा लोहमार्ग गुजरातेकडून सरकत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचला. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया ह्यांना संतपद मिळून तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसातून एकच गाडी. सकाळी मुंबईला जाई, सायंकाळी परत येई. वसई, पाणजू, बोरिवली, पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रे अशी तिची स्थानके. त्या यादीत भाईंदर नाही, नायगावही नाही. पाणजू मात्र आहे!

ह्या लोहमार्गाने आपल्या समाजाचे जीवन पालटले. आपल्या वाडवडिलांनी केळी, भाजीपाला, फुले आणि दूध गाडीनेच मुंबईला नेले. त्या मिळकतीवर मुले शिकली आणि त्याच गाडीने नोकरीला जाऊ लागली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. २००७ मध्ये मार्ग चारपदरी झाला. शहर मागोमाग आलेच. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली.

पाणजूच्या अंगावरून लोहमार्ग गेला; पाणजूकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या होडीने नायगाव गाठत आले. प्रगतीची गाडी सर्वांच्या दारावरून जाते, पण सर्वांच्या दारी थांबतेच असे नाही.

आपल्या धर्मग्रामांतही अशी पाणजू आहेत. वाडी विकल्यावर एकाकी झालेले वृद्ध, शिक्षण अर्धवट सुटलेली मुले, भाड्याच्या खोलीत राहणारी नवी कुटुंबे. त्यांच्या दारावरून आपण रोज घाईने जातो. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचे आपण अनुयायी आहोत. पुढच्या वेळी खाडी ओलांडताना त्या बेटाकडे क्षणभर पाहावे, आणि घरी परतताना अशा एखाद्या दारी थांबावे.